विषय : स्मशानाचं कुलूप

१० जानेवारी २०२५

प्रति,
मा. सरपंचसाहेब,
ग्रामपंचायत पाडळवाडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

अर्जदार : शेवंता खाडे, रा. पाडळवाडी.
विषय : स्मशानभूमीभोवती पत्रे मारलेबाबत हरकत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की... अमर, तुला महोदय लिहिताना माझा हात अडतोय. तुझं नाक मी पदरानं पुसलेलं हाय. पण तुमचे ग्रामसेवक धैर्यशील भाऊसाहेब म्हणाले, "आक्का, तोंडी काय चालत न्हाय, लेखी द्या." फोन तू उचलत न्हाईस. तुझ्या बंगल्याची पायरी मी चढणार न्हाय, ह्ये तुला ठावं हाय. मग ऱ्हायलं काय? अर्ज. आवकला शिक्का मारून पोच घेणार हाय, म्हणजे सख्ख्या बहिणीचं असलं तरी तुला वाचावंच लागंल.

काल आईचं औषध आणायला निघाले, तर नदीच्या वाटंवर आपलं स्मशानच दिसंना. हिरवे पत्रे मारलेत. हत्ती उभा केला तरी दिसू नये एवढे उंच. त्यावर फ्लेक्स. धबधबा, दोन हंस, आणि कडंला हात जोडून तू. 'माझं गाव, सुंदर गाव.' अरे, स्मशानाच्या दारात हात जोडून उभा ऱ्हायलाईस. लोकांना काय या या म्हणतोयस?

मी चौकशी केली. स्वप्नगंध पार्कवाल्यांनी सह्यांचा अर्ज दिलाय म्हणे. बाल्कनीतनं जळतं सरण दिसतं, पाव्हण्यांसमोर लाज वाटती, शेणींचा ढीग विद्रूप दिसतो. शेणी म्हणतबी न्हाईत ते, गोवऱ्या म्हणत्यात. त्यांचे चेअरमन मृत्युंजयराव. नाव मृत्युंजय, आणि चार खांब अन् एक काळा पत्रा बघून झोप उडती.

त्या पार्काची जमीन कुणाची होती, त्ये मी इथं लिहीत न्हाय. शिक्का मारणाऱ्या यशराजलाबी ठावं हाय. तुझा वाटा होता, तू विकलास, आणि आपलं बोलणं तिथंच संपलं. पण विकताना सांगायचं होतंस की, बाबांनो, शेजारी स्मशान हाय, त्ये तुमच्या आधीपासनं हाय आणि तुमच्या मागंबी ऱ्हाणार हाय.

आई चौऱ्याऐंशीची झाली. माझ्याजवळ, आबांच्या घरात हाय, म्हणून तुला वाटत असंल सगळं ठीक चाललंय. तिचं देवाकडं आता एकच मागणं हाय. आबांना ज्या कट्ट्यावर अग्नी दिला, त्याच कट्ट्यावर तिलाबी द्यायचा. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या बाजूला बघून हात जोडती. काल म्हणाली, "शेवंता, मला आज शेड दिसंना गं. डोळं गेलं वाटतं माझं." डोळं न्हाय गेलं आई, लेकाची अक्कल गेली, असं मी म्हणणार होते. म्हटलं न्हाय.

पत्रे काढा. एवढीच विनंती.

शेवंता खाडे


२८ जानेवारी २०२५

प्रति, मा. सरपंचसाहेब.
विषय : ग्रामसभेत अर्जदारास खाली बसविलेबाबत.

महोदय,

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मी उभी ऱ्हायले, तर तू माईकवर म्हणालास, "अर्जदार महिलेनं खाली बसावं." अर्जदार महिला. आई घरात विचारत होती, अमर काय म्हणाला गं? मी म्हटलं, चांगलं बोलला. खोटं बोलले. तुझ्यासाठी न्हाय, तिच्यासाठी.

आणि वर काय म्हणालास? दृष्टीआड सृष्टी. पत्र्यानं कुणाचं काय बिघडलं, आत सगळं जसंच्या तसं हाय. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर पार्कवाली माणसं बसलीती, टाळ्या तीच वाजवत होती. आपल्या गल्लीतल्या माणसांनी नुसत्या माना खाली घातल्या.

ठरावाची नक्कल मला मिळाली. तुमची भाषा तुम्हालाच लखलाभ. 'स्मशानभूमीस प्रवेशद्वार बसवून कुलूपबंद करणेत यावे. किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात ठेवणेत यावी. अंत्यविधीकामी कार्यालयीन वेळेत संपर्क साधणेत यावा.'

कार्यालयीन वेळेत! म्हणजे मरायचं तर दहाच्या पुढं आणि पाचच्या आत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जीव गेला तर थांबायचं. अरे, स्मशानात चोरून न्यायला हाय काय? राख? कुणाची हिंमत हाय तिथं चोरी करायची? भुरटे चोर असते, तर पार्काला कुलूप घातलं असतंस. तुम्हाला भीती चोराची न्हाय. गाववाला तिथं सहज येऊन बसतो, बापाच्या दिवसाला दिवा लावतो, त्ये तुम्हाला नको हाय.

ह्या पत्राचं उत्तर मला सहीनिशी पाहिजे.

शेवंता खाडे


१७ फेब्रुवारी २०२५

प्रति, मा. सरपंचसाहेब.
विषय : गुंडूकाकांचे अंत्यविधीवेळी झालेली विटंबना.

अमर,

आज महोदय-बिहोदय लिहीत न्हाय. भाऊसाहेब म्हणाले, मायना चुकला तर अर्ज निकाली काढता येतो. काढा निकाली.

तू पुण्याला होतास म्हणून तुला सांगते. काल सकाळी गुंडूकाका गेले. ज्यांनी तुला कंबरंला भोपळा बांधून नदीत पवायला शिकवलं, ते गुंडूकाका. रविवार होता. पंचायत बंद. किल्ली यशराजच्या खिशात, आणि यशराज जोतिबाच्या खेट्याला चालत गेलता. माघातला रविवार हाय, जाणारच की त्यो. त्याचं काय चुकलं? देवाला जाताना स्मशानाची किल्ली कुणाकडं द्यायची, ह्येचा ठराव तुम्ही कुठं केलताय?

फोन लावला. डोंगरावर गर्दी, त्याला ऐकूच जाईना. इकडं पारावरचा विसावा झालता. एकदा विसाव्यावरनं तिरडी उचलली, की ती कट्ट्यावरच टेकवायची. मधी भुईला लावायची न्हाय. ह्ये तुला कुणी शिकवायला नको, आबांना तूच खांदा दिलतास. मग काय करायचं? पोरं गेटसमोर तिरडी खांद्यावर घेऊन उभी ऱ्हायली. डोक्यावर ऊन. एकजण दमला की दुसरा खांदा देई. समोर तुझा फोटो, हात जोडलेला, आणि धबधबा. काकांची चिमणाबाई, साडेचार फूट बाई, ती पत्र्याला डोकं टेकून म्हणत होती, "मालक, जरा थांबा, साहेब किल्ली घेऊन येत्यात." मेलेल्या नवऱ्याला सांगत होती, थांबा. मी ऐकलंय ह्या कानांनी.

शेवटी खांदा देणाऱ्या विश्वजितनं धोंडा घेतला आणि कुलूप फोडलं. आणि आज सकाळी त्याला तुझी नोटीस. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान! सही तुझी हाय. पुण्यात बसून फोनवर सही करता येती वाटतं आता.

आई ह्या सगळ्यात होती. मी नको म्हणत असताना काठी टेकत आलती. घरी गेल्यावर तिनं भाकरी तशीच ठेवली. मला म्हणाली, "माझ्या वेळंला तुला धावपळ करायला लागंल गं. बुधवारी-गुरवारी मरते मी." आणि हसली. मला हसू आलं न्हाय. मला तुझा एवढा राग आलाय की ह्यो कागद फाटायला आलाय लिहून लिहून.

शेवंता


५ मार्च २०२५

प्रति, मा. सरपंचसाहेब.
विषय : शेणींची खोली पाडलेबाबत व होळीच्या शेणी कोठे ठेवाव्यात याबाबत.

महोदय,

तुमचं उत्तर मिळालं. 'सदर बाब सुशोभीकरण आराखड्यात समाविष्ट असलेने आपला अर्ज दप्तरी दाखल करणेत येत आहे.' छान. दप्तर भरा.

काल तुमचा जेसीबी आला आणि कट्ट्याशेजारची शेणींची खोली पाडली. आतल्या शेणी ट्रॅक्टरनं ओढ्यात लोटल्या. तिथं आता कुंड्या ठेवणार म्हणे. आणि ज्याच्या घरी मयत होईल त्यानं शववाहिका सांगून शहरात न्यायचं.

तुला एक विचारते. आपल्या गावात सरणाचं जळण कुणी कधी विकत आणलंय? दर होळीला घरटी पाच शेणी निघत्यात. होळीत दोन-चार टाकायच्या, पूजेपुरत्या, बाकी सगळ्या स्मशानाच्या खोलीत. कोल्हापूर शहरात करत्यात तसंच. वर्षभर ज्याचं कुणाचं मयत होईल, त्येला गावाच्या शेणी. गरिबाला त्याच, पाटलाला त्याच. आबांच्या सरणाला कुणाकुणाच्या घरच्या शेणी होत्या, तुला माहीत न्हाय आणि मलाबी न्हाय. त्यातच तर सगळं आलं, येड्या. एवढी एक गोष्ट आपल्या गावात बिनतक्रार चालत होती, तीच तुझ्या डोळ्यांत खुपली.

आता होळी तेरा तारखेला हाय. बायकांनी शेणी थापून वाळवून ठेवल्यात. त्या कुठं ठेवायच्या, त्ये लेखी कळवा. आठ दिवस देते. उत्तर आलं न्हाय, तर जागा आमची आम्ही बघू.

शेवंता खाडे


१५ मार्च २०२५

अमर,

होळीला तू गारगोटीला सासुरवाडीत होतास, तवा काय झालं त्ये तुला चार तोंडांनी चार तऱ्हेचं कळलं असंल. खरं काय त्ये मी सांगते.

उत्तर तुझं आलं न्हाय. होळी पेटली, नैवेद्य झाला, पोरांनी बोंबा मारल्या. त्यात तुझं नाव होतं, त्ये सोड, होळीला कुणाचंबी नाव घेत्यात. मग शेणींच्या बुट्ट्या डोक्यावर घेऊन बायका उभ्या ऱ्हायल्या. कुठं न्यायच्या? कुणीतरी म्हणालं, सरपंचानं खोली पाडली, मग सरपंचाच्याच दारात ठेवा. कोण म्हणालं मला ठावं न्हाय. अंधार होता. गल्लीनं ठरवलं, गल्ली गेली. तुझ्या बंगल्याला बाहेरनं कुलूप. पोर्चमधी, गाडी लावतोस तिथं, नीट रचून ठेवल्या. कुणी काय फोडलं न्हाय, कुणी शिवी दिली न्हाय.

आईला मी सांगितलं न्हवतं. धुळवडीला सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या बायका बोलत आल्या, तिनं ऐकलं. काठी घेतली, पायात काय घातलं न्हाय, आणि निघाली. मी मागनं. तुझ्या गेटच्या बाहेर मी रस्त्यावर थांबले. ती आत गेली. दोन वर्सांत जिनं तुझ्या घराकडं मान वळवून बघितलं न्हाय, ती तुझ्या पोर्चमधी गेली आणि शेणींच्या ढिगापुढं खाली बसली. एकेक शेणी हातात घेऊन चाचपत होती. वरच्या काढल्या, मधल्या काढल्या, पार तळापर्यंत गेली. मला वाटलं मोजती काय. मग त्याच ढिगावर चढून बसली.

तेवढ्यात तुझी गाडी आली.

पुढचं तुला ठावं हाय, पण मी काय ऐकलं त्ये लिहिते, कारण उद्या तू नाकबूल करशील. तू म्हणालास, "आई, ऊठ, ह्ये काय बरं दिसतं काय?" ती म्हणाली, "तुझं सगळं दिसण्यावरच अडलंय, लेकरा. स्मशानाला कुलूप घातलंस न्हवं? मग मी इथंच बसते. जीव गेला की काडी लाव. लांब न्यायची तुला कटकट न्हाय, किल्ली हुडकायची कटकट न्हाय." मृत्युंजयराव समोरच्या बाल्कनीत दात घासत उभे होते, ते आत गेले.

तू यशराजला फोन केलास, नव्या कुलपाची किल्ली मागवलीस, आणि माझ्यासमोर रस्त्यावर टाकलीस. "घे आक्का, घे तुझं स्मशान." मी वाकले आणि उचलली. मला लाज वाटली न्हाय. मला वाटलं मी जिंकले.

म्हटलं, "आई, चल घरी." तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. तुझा हात धरला, ढिगावरनं उतरली आणि तुझ्या पायऱ्या चढून आत गेली. तू दार लावून घेतलंस.

काय सांगितलंस तिला? काय भरवलंस तिच्या कानात? ती माझ्याजवळ ऱ्हाती, तिचं अंथरूण हितं हाय, तिची काठी तेवढी तिकडं. आज संध्याकाळपर्यंत तिला आणून सोड. न्हायतर मी पोलिसात जाईन. खरंच जाईन.

शेवंता


२ एप्रिल २०२५

प्रति, मा. सरपंचसाहेब.
विषय : अर्जदाराच्या आईस परत पाठविणेबाबत.

महोदय,

पत्रे निघाले. फ्लेक्स कुणीतरी गोठ्यावर घातलाय, म्हशींवर धबधबा पडतोय. पाडव्याच्या आधीच्या सभेत तू उभा ऱ्हाऊन ठराव मागं घेतलास, विश्वजितची नोटीसबी मागं घेतलीस. खोलीच्या चार भिंती परत उठल्यात. गाव माझं नाव काढतंय. "आक्कानं करून दाखवलं." चिमणाबाईनं माझ्या हातावर साखर ठेवली. मी घेतली, घरी आले आणि चुलीपुढं एकटी बसले.

पोलिसात गेले न्हाय. काय सांगणार होते? माझी आई तिच्या लेकाकडं हाय म्हणून?

परवा तुझी मोना आलती आईची वाकळ न्यायला. आत्याला बघून पोर चोरटी झालती. मी म्हटलं, खरं सांग, आजी काय म्हणती? ती सांगंना. मग सांगितलं.

म्हणाली, "आजी म्हणती, ढिगाच्या तळाला पाच शेणी आक्काच्या होत्या."

अमर, माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर कडबाकुट्टीत गेलंय. मी शेणी थापली की तीन बोटं लांब उमटत्यात आणि एक आखूड. थापायला आईनंच शिकवलं. ढिगात तळाला कोण असतं? जो पहिल्यांदा ठेवतो त्यो. गल्लीनं ठरवलं असं मी तुला लिहिलं. गल्लीनं ठरवलं न्हवतं. बायका बुट्ट्या घेऊन उभ्या होत्या, मी म्हटलं, चला माझ्या मागनं. पहिल्या पाच मीच ठेवल्या. हातानं जागा झाडून घेऊन ठेवल्या, सरण रचताना झाडत्यात तशी. तवा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

मोना म्हणाली, आजी रोज एकच बोलती. "अमरनं माझं सरण बंद केलं, त्येचा मला राग हाय. पण हिनं माझ्या जित्या लेकराच्या दारात सरण मांडलं. आता त्या हातची भाकरी मला जाणार न्हाय."

तुझ्या दारात. तुझ्यासाठी. ज्या लेकानं दोन वर्सं तिची चौकशी केली न्हाय, त्याच्यासाठी ती माझ्यावर रुसली. तिला न्हाऊ कोण घालत होतं? तिच्या पायाला तेल कोण लावत होतं? मी आयुष्यभर तिच्याजवळ, आणि तू एक पायरी चढू दिलीस तर तू गोड झालास. मला तुझा राग येतो, तिचाबी येतो, आणि मग चूल पेटवायला शेणी मोडायला घेते तर माझ्याच हाताचा येतो.

तुला म्हणून विचारते, ती मेली तर काय? स्मशान उघडं हाय, कट्टा मोकळा हाय, शेणी हाईत. ज्यासाठी मी एवढं भांडले त्ये सगळं जागेवर हाय. आणि तिनं सांगून ठेवलं, की आक्काच्या शेणी माझ्या सरणाला लावू नका, तर? ती सांगंल. तिला तू वळखत न्हाईस.

ह्यो अर्ज मी आवकला देत न्हाय. ह्येला शिक्का नको, पोच नको. उद्या सकाळी मीच घेऊन येते. तुझ्या पायऱ्या चढणार न्हाय म्हणून मी आबांच्या फोटोपुढं बोललेलं हाय, तरी चढणार. माफी मागायला येत न्हाय, ह्ये आधीच सांगते. तू स्मशानाला कुलूप घातलंस, त्ये मी मरेपर्यंत विसरणार न्हाय. मी फक्त तिच्यापुढं ताट ठेवणार, आणि ती जेवंस्तवर बसणार. नसंल जेवायचं तर मलाबी नको.

दार तू उघड. वहिनीला न्हाय, मोनाला न्हाय, तू. आणि मी येणार हाय म्हणून तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती आतनं कडी घालील.

आक्का